स्पोर्ट्स कारच्या दाराची काच फुटली तर? (भागाचं लिखित रूप)

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांच्या लोकलमध्ये टिटवाळ्यानंतर रेंजच जाते, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना झालेली 'म्हणजे' आणि 'अॅक्चुअली'ची गर्दी काढली आहे, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आता तुम्ही म्हणाल, वाशिंदमध्ये बसून स्पोर्ट्स कारच्या काचेवर भाग? आपल्याकडे सकाळची कसारा लोकल मिळाली की जिंकलो, इथे कुठली स्पोर्ट्स कार. पण जून ते सप्टेंबर रविवारी सकाळी हायवेला उभे राहा. पडघ्याकडून येणाऱ्या रांगेत दोन-चार बुटक्या, रुंद, पोटातून घुमणाऱ्या गाड्या दिसतातच. कोणी माहुलीला निघालेलं असतं, कोणी नाशिकला, कोणाचं इकडे फार्महाऊस असतं. आणि 5 जून 2025 ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून तर शहापूर तालुका या लोकांच्या नकाशावर पक्का बसलाय.

त्यातलीच एक गाडी आमच्या अंगणात आली. माझ्या मावसभावाची. दोन दारांची, जर्मन, सेकंड हँड. कंपनीचं नाव घेत नाही, भाऊ ऐकतो हा पॉडकास्ट. जूनचा दुसरा आठवडा, पहिले दोन पाऊस पडून गेलेले, गवत गुडघ्याला लागलेलं. आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणारे एक दादा ग्रास कटर चालवत होते. भावाने गाडी आंब्याखाली सावलीला लावली. पंधरा मिनिटांनी एक आवाज आला. 'खण्ण' नाही, बरं का. कोणीतरी मूठभर खडीसाखर स्टीलच्या ताटात टाकावी तसा. ड्रायव्हरच्या बाजूची काच पांढरी झाली होती. अख्खी. एका क्षणात.

भाऊ धावत गेला आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो दादांसाठी. काय ते इथे लिहीत नाही. दादा यंत्र बंद करून उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, माझ्या हजेरीतून कापून घ्या." त्या गाडीची एक काच म्हणजे दादांची किती महिन्यांची हजेरी, हा हिशोब त्यांना माहीत नव्हता, आणि त्या क्षणी मलाही माहीत नव्हता. संध्याकाळी कळला. त्याच्याकडे येतोच. आधी काच.

एवढासा खडा, आणि अख्खी काच?

गाडीची पुढची काच आणि दाराची काच या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. पुढची काच म्हणजे सँडविच: दोन पातळ काचा, मध्ये प्लॅस्टिकचा चिवट थर. दगड लागला तर कोळ्याचं जाळं उमटतं, पण काच जागेवर राहते. एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून 1903 मध्ये प्रयोगशाळेतला एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही, कारण आतून सुकलेल्या रसायनाचा पापुद्रा होता. त्यातून ही कल्पना निघाली आणि 1909 मध्ये त्याने पेटंट घेतलं.

दाराची काच बहुतेक गाड्यांत एकेरी असते, तीन ते पाच मिलिमीटर जाडीची, पण 'टफन' केलेली. आधी काच मापात कापायची, कडा घासायच्या, लागतील ती भोकं पाडायची. मग सहाशे अंशांच्या वर तापवून वाकवायची आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत मारायचे. पृष्ठभाग झटकन थंड होऊन घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होतो, आकसायला बघतो, पण बाहेरचं कवच त्याला आकसू देत नाही. मग कायमची रस्सीखेच सुरू होते: बाहेर दाब, आत ताण. म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते. हाताने ठोका, ढोपर मारा, काही होत नाही. पण एखादा टोकदार, कडक खडा ते बाहेरचं कवच भेदून आतल्या ताणापर्यंत पोचला, की रस्सी तुटते आणि सगळी काच एकदम सुटते. काचेच्या थेंबाची ती जुनी गंमत काहींनी पाहिली असेल. वितळलेली काच पाण्यात टाकून केलेला थेंब, डोक्यावर हातोडी मारली तरी टिकतो, आणि बारीक शेपूट मोडली की पीठ होतं. 1660 च्या दशकात इंग्लंडच्या रॉयल सोसायटीतले विद्वान याच कोड्यावर डोकं खाजवत बसले होते. तुमच्या गाडीच्या दारात तोच थेंब चपटा होऊन बसलाय असं समजा.

आणि ती तशी फुटते हेच तिचं काम आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे पाच बाय पाच सेंटिमीटरच्या चौकोनात निदान चाळीस तुकडे व्हायला हवेत. म्हणजे मानेत घुसणारी सुरी व्हायला नको, बोथट खडीसाखर व्हायला हवी.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते, ती आत्ताच सांगून टाकतो. टफन काच नंतर कापता येत नाही. कटर लावला की ती गेलीच. त्यामुळे कोणी "साहेब, कशाला मागवताय, मी मापाने कापून बसवून देतो" असं म्हणालं, तर तो माणूस तुमच्या दारात खिडकीची साधी काच बसवतोय. जुन्या जीपांना लोकांनी हे उद्योग केलेत, मी पाहिलेत. ती काच अपघातात लांब पात्यांसारखी फुटते, आणि ती पाती नेमकी तुमच्या गळ्याच्या उंचीला असतात.

ओळखायचं कसं? काचेच्या कोपऱ्यात छापलेला शिक्का बघा. आपल्याकडच्या काचेवर आयएस 2553 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय खूण असते, युरोपातून आलेल्यावर गोलातला ई आणि 43आर. आणखी एक साधी युक्ती आहे. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून उन्हात तिरकं बघा. टफन काचेवर अंधुक ठिपके किंवा पट्टे दिसतात, त्या थंड हवेच्या झोतांचे ठसे. साध्या काचेवर काही दिसत नाही. मी परवा वाशिंद स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर हा प्रयोग करत होतो, तेव्हा एका रिक्षावाल्याने विचारलं, "काय भाऊ, काय हरवलंय?"

काचेचा विषय निघालाच आहे म्हणून एक आडवळण घेतो. आपल्या महाराष्ट्राचं काचेशी नातं जुनं आहे. तळेगाव दाभाड्याला 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील तर कित्येक घरांच्या माळ्यावर अजून सापडतील, आमच्याही आहे एक. आज तळोज्याला आणि चाकणला गाड्यांच्या धंद्याशी जोडलेले काचेचे मोठे कारखाने आहेत. पण परदेशातून बांधून आलेल्या स्पोर्ट्स कारची दारकाच तिथे शेल्फवर मिळत नाही. ती चासी नंबर देऊन मागवावी लागते. सतरा अक्षरी नंबर, एकही अक्षर चुकवू नका. एकाच मॉडेलला एका वर्षी साधी टफन काच असते, पुढच्या वर्षी आवाज रोखणारी दुपदरी असते. रंगाची झाक वेगळी, जाडी वेगळी, तळाची भोकं वेगळी.

पहिला तास

आमच्याकडे ढग भरून आलेले. गाडीच्या आधीच्या मालकाने आतून पारदर्शक फिल्म लावली होती, त्यामुळे काच फुटूनही पडद्यासारखी लटकून होती. भावाने साहजिकच दाराची कडी ओढली. आणि तिथे आम्ही पहिली चूक केली.

या गाड्यांच्या दाराला वरची चौकट नसते. काच थेट छपराच्या रबरात जाऊन बसते. म्हणून कडी ओढली की काच आपोआप सेंटिमीटरभर खाली सरकते, दार उघडतं, आणि दार लावलं की पुन्हा वर जाऊन रबरात शिरते. फुटलेली काच असताना कडी ओढली की दारातली मोटर इमानदारीने तेच काम करते. पडदा खचला आणि अर्धी खडीसाखर दाराच्या पोटात, अर्धी सीटवर. तुम्ही असं करू नका. ते दार बंदच ठेवा, दुसऱ्या बाजूने चढा-उतरा, आणि काचेच्या बटणाला तर हातही लावू नका. तुकडे मशीनच्या पट्टीत अडकले तर काचेबरोबर मशीनचाही खर्च येतो.

मग फोटो काढा. आधी लांबून, मग जवळून, मग जमिनीवरचा खडा सापडला तर तोही. विमा कंपनीला दुरुस्तीच्या आधी कळवायचं असतं, नंतर नाही. काच फोडून चोरी झाली असेल तर पोलिसांतही लगेच जा.

झाकायला काय वापरायचं? आमच्या आईने भात झाकायचं मेणकापड आणलं. उत्तम वस्तू, पण चिकटवायची कशी? तपकिरी पॅकिंग टेप थेट रंगावर लावू नका, उन्हात तापून निघताना ती वरचा चकचकीत थर ओरबाडू शकते. रंगकामवाल्यांची मास्किंग टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती आधी लावा आणि तिच्यावर बाकीचं. कापड दाराच्या आतल्या कडेवरून बाहेर घ्या, म्हणजे पाणी बाहेर ओघळेल. आणि ड्रायव्हरच्या बाजूला असं कापड लावून हायवेवर गाडी चालवायची नाही. आरसा दिसत नाही, उजवीकडचं काही दिसत नाही, साठच्या वर ते कापड फुगून फाटतं. फ्लॅटबेड बोलवा. बुटक्या गाडीला तिरक्या रॅम्पचा फ्लॅटबेड लागतो, हे फोनवरच सांगा, नाहीतर पुढचा बंपर रॅम्पला घासतो. ओढायचा हुक बहुतेक गाड्यांत टूलकिटमध्ये सुटा असतो, बंपरवरचं झाकण काढून आट्यांवर फिरवून बसवायचा.

आतली काच गोळा करायला व्हॅक्युम लागतोच. पण बारीक कण त्याला दाद देत नाहीत. तिथे आईची युक्ती कामाला आली. कणकेचा घट्ट गोळा करून सीटवर आणि गालिच्यावर दाबत जायचं. डोळ्याला न दिसणारे कण त्याला चिकटून येतात. फक्त तो गोळा नंतर कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून टाका. आमच्याकडे कोंबड्या आहेत, दारात गाय येते. उकिरड्यावर फेकला असता तर वेगळाच भाग करावा लागला असता. आणि सीट बेल्ट विसरू नका. पूर्ण बाहेर ओढून पट्टा दोन्ही बाजूंनी पुसा, बकलमध्ये टॉर्च मारून बघा. पट्ट्याच्या विणीत अडकलेला कण दर वेळी पट्टा आत जाताना धागे कापत राहतो.

वर्कशॉपमध्ये

गाडी ठाण्याच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये गेली. काच यायला दिवस लागले. त्या दिवसांत गाडी शेडमध्ये कोरडी उभी होती, ते बरं झालं. काच बसवणारे एक वयस्कर उस्ताद होते. मी मुद्दाम रजा टाकून गेलो, म्हटलं बघू तरी. त्यांनी आधी मला पंख्याखाली बसवलं, मग चहा, मग गाडी. अशा माणसाकडे काम व्यवस्थित होतं हा माझा अनुभव आहे.

त्यांनी बॅटरी सोडवली आणि घड्याळ बघत थांबले. "साइड एअरबॅग आहे, साहेब. तिचा करंट उतरू द्या." मग डोअर पॅड. स्क्रू कुठे लपलेत हे माहीत नसेल तर पॅड तुटतंच. हँडलच्या कपाखाली, दिव्याच्या मागे, खुणेच्या पट्टीखाली. बाकी सगळ्या क्लिपा, त्यातल्या दोन-चार तुटणारच. नव्या क्लिपा आधीच मागवून ठेवल्या होत्या.

पॅडच्या मागे एक पातळ पडदा असतो, काळ्या चिकट डिंकाने चिकटवलेला. बरेच जण तो टराटरा फाडतात आणि नंतर 'कुठे दिसतोय' म्हणून तसाच सोडतात. उस्तादांनी तो केसाळ ड्रायरने गरम करत इंच इंच सोडवला. मी विचारलं, एवढं काय त्यात? तर ते म्हणाले, "हा गेला की पाणी आत. आणि पाण्याचं सोडा, बॅग उघडायची नाही." मला वाटलं अतिशयोक्ती करतायत. पण आहे तसंच. बऱ्याच आधुनिक गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाजूने धडक बसली की दार चेपतं, आतली हवा क्षणात दाबली जाते, आणि त्या दाबावरून एअरबॅग उघडायची की नाही ते ठरतं. पडदा फाटका असेल किंवा नीट चिकटवला नसेल तर हवा भलतीकडून निसटते आणि सेन्सरला चुकीचा निरोप मिळू शकतो. काच बदलताना ढिलाई झाली तर ती या अशा जागी बसते, आणि ती वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही. म्हणून दार बंद करायच्या आधीचा पडद्याचा फोटो मागा. ओशाळायचं नाही.

दाराच्या पोटातून किलोभर तरी खडीसाखर निघाली असेल. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती एक-एक करून टोकरली. ती बुजली की पावसाचं पाणी दारातच साठतं. आपल्या भागात चार महिने पाऊस कोसळतो, त्यात दोन मोसम गेले की पत्र्याचं दार आतून कुजायला लागतं. ॲल्युमिनियमचं असेल तर गंजणार नाही, पण मोटर आणि वायरिंग पाण्यात बसेल.

मग काच खाली सोडून मशीनच्या पकडीत बसवली. साध्या गाडीत इथे काम संपतं, कारण चौकट काचेला सरळ धरते. चौकट नसलेल्या दारात इथून खरं काम सुरू होतं. काच तीन दिशांनी जुळवावी लागते: किती वर जाते, पुढे-मागे कुठे बसते, आणि आत किती झुकते. हे तिसरं सगळ्यात नाजूक. गाडी वेगात असताना काचेबाहेरून हवा सुसाट जाते, बाहेरचा दाब कमी होतो आणि काच बाहेर खेचली जाते. म्हणून उभ्या गाडीत ती रबरावर थोडी दाबूनच बसवावी लागते. दाब कमी पडला तर शंभरला शिट्टी वाजते, पाणी शिरतं. जास्त झाला तर रबर लवकर मरतं, दार लावताना काच छपराच्या कडेवर आदळते, आणि टफन काचेची कड म्हणजे तिचं मर्मस्थान. नवी काच आठवड्यात पुन्हा खडीसाखर.

उस्तादांकडे यासाठी काही महागडं यंत्र नव्हतं. वहीच्या कागदाची पट्टी. ती रबर आणि काचेच्या मध्ये ठेवायची, दार लावायचं, हळू ओढायची. सगळीकडे सारखी अडकत अडकत निघाली पाहिजे. मागच्या कोपऱ्यात सर्रकन निघाली, की पुन्हा पॅड बाजूला, पुन्हा बोल्ट ढिला, पुन्हा अर्धा आटा. सात-आठ वेळा तरी झालं हे. मी दुसरा चहा प्यालो.

शेवटी काचेला तिची हद्द शिकवायची. बॅटरी सुटल्यावर आणि काच बदलल्यावर गाडीला माहीत नसतं की वरचं टोक कुठे आहे. सहसा काच पूर्ण खाली नेऊन बटण दाबून धरायचं, मग पूर्ण वर नेऊन धरायचं. काही गाड्यांना कंपनीचा स्कॅनर लावूनच करावं लागतं. हे झालं नाही तर ते सेंटिमीटरभर खाली सरकणं बंद पडतं किंवा चुकतं. आणि बोट अडकलं तर काच थांबून मागे येण्याची सोयही याच मोजमापावर चालते. घरात लहान मुलं असतील तर दोऱ्याचं रिकामं रीळ किंवा गुंडाळलेला कागद मध्ये धरून ते तपासा. स्वतःचं बोट नको, प्लीज.

पाण्याची चाचणी साध्या पाईपने, खालून वर जात. प्रेशर वॉशर थेट रबरावर मारला तर चांगलं रबरही हरतं, मग दोष कोणाचा तेच कळत नाही.

काच नाही, प्लॅस्टिक

काही गाड्यांत बाजूची 'काच' काच नसतेच. वजन वाचवायला पॉलीकार्बोनेट वापरतात. 2010 च्या पोर्शे 911 जीटी2 आरएसमध्ये मागच्या बाजूच्या खिडक्या आणि मागची खिडकी प्लॅस्टिकची होती. दुसऱ्या टोकाला फोर्ड जीटी, 2017 च्या सुमाराची: तिच्या पुढच्या काचेत मोबाईलच्या पडद्यावरची गोरिला ग्लास होती, पातळ आणि हलकी. प्लॅस्टिकवर अमोनियावाला ग्लास क्लीनर आणि कोरडं फडकं चालत नाही, ते धुरकट होतं. आणि ते फुटत नाही, ही चांगली बातमी वाईटही आहे.

कारण आपत्कालीन हातोडी. गाडी पाण्यात गेली, दार उघडत नाही, तर बाजूची टफन काच कोपऱ्यात टोकदार हातोडीने फोडायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण आता पुष्कळ महाग गाड्यांत पुढच्या दारांना दुपदरी काच येते, आवाज कमी यावा म्हणून आणि अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने 2019 मध्ये सहा हातोड्या-अवजारं तपासली. टफन काच चारांनी फोडली. दुपदरी एकानेही नाही. तेव्हा काच बदलल्यावर शिक्का वाचा आणि कुठली काच फुटेल ते घरच्यांना दाखवून ठेवा. अनेकदा पुढे दुपदरी आणि मागे टफन असते.

फिल्मबद्दल दोन वाक्यं, कारण प्रश्न येणारच. कारखान्यातून येणाऱ्या काचेतून बाजूला किमान 50 टक्के आणि पुढे-मागे 70 टक्के प्रकाश आत यायला हवा, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 100. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 ला वरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. नियमात नंतर बदल झाले, आणि केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये ठरलेल्या टक्केवारीत बसणारी फिल्म चालेल असं म्हटलं. पण पडघ्याच्या पुढे गाडी थांबवणाऱ्या हवालदाराशी तुम्ही केरळच्या निकालावर चर्चा करणार आहात का, ते तुमचं तुम्ही ठरवा. भावाने नव्या काचेला फिल्म लावली नाही.

पैसे

अंदाजपत्रक व्हॉट्सअॅपवर आलं तेव्हा भावाने मोबाईल उलटा ठेवला. मग आम्ही पॉलिसी काढून बसलो.

आपल्याकडे गाडीच्या सर्वंकष विम्यात सुटे भाग बदलले की घसारा कापतात: रबर आणि प्लॅस्टिकवर 50 टक्के, फायबरग्लासवर 30. काचेवर शून्य. म्हणजे काचेची किंमत पूर्ण मिळते, पण तिच्याबरोबर बदललेली रबरं, क्लिपा यांची निम्मी, झिरो डेप नसेल तर. (वर सांगितलेली पॉलीकार्बोनेटची खिडकी 'काच' म्हणून धरणार की 'प्लॅस्टिक' म्हणून, हे आधीच लेखी विचारून घ्या.) 1500 सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचे 2000 रुपये आपल्या खिशातून.

पण खरा खर्च नो क्लेम बोनसमध्ये लपलेला असतो. एक क्लेम केला की सूट शून्यावर येते आणि मग पुन्हा पायरी पायरीने 20, 25, 35, 45, 50. समजा तुम्ही 50 वर आहात. पहिल्या वर्षी 50 गेले, मग 30, मग 25, 15, 5. बेरीज 125. म्हणजे मूळ ओन डॅमेज प्रीमियम दर वर्षी तेवढाच धरला, तर एका क्लेमची किंमत सव्वा वर्षाचा प्रीमियम. हा प्रीमियम लाखभर असेल तर सव्वा लाखाच्या आतलं बिल स्वतः भरलेलं परवडतं. एनसीबी प्रोटेक्ट घेतलं असेल तर गणित बदलतं, त्याच्या अटी वाचा.

भावाची गोष्ट वेगळी. बोनस गाडीबरोबर येत नाही, माणसाबरोबर राहतो. त्याने गाडी घेऊन वर्षही झालं नव्हतं, बोनस शून्यच. क्लेम न करता त्याला 20, 25, 35, 45, 50 मिळत गेले असते, क्लेम केल्यावर तेच एक वर्ष उशिरा. फरकांची बेरीज 20, 5, 10, 10, 5, म्हणजे अर्ध्या वर्षाचा प्रीमियम. बिल त्याच्या बरंच वर होतं. क्लेम केला, मंजूर झाला.

आणि दादांची हजेरी? त्या संध्याकाळी भाऊ म्हणत होता, निदान काहीतरी कापून घेऊ, म्हणजे पुढच्या वेळी लक्ष देतील. आई आतून म्हणाली, "गाडी तिथे कोणी लावली?" कोणी काही बोललं नाही. मग मी त्या ग्रास कटरची पुस्तिका शोधली. होती, फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. तिसऱ्याच पानावर चित्र होतं: यंत्र चालू असताना चारही बाजूंना 15 मीटरपर्यंत कोणी नको, काही नको. आम्ही आंब्यापासून मोजलं. साडेसहा मीटर भरले. यंत्र माझं, पुस्तिका माझी, दादांना ती कोणी वाचून दाखवली नव्हती. धातूचं पातं लावून खडकाळ कडेला कापायला मीच सांगितलं होतं. तिथे नायलॉनची दोरी लावली असती तरी खडा उडतो, पण पात्याइतका नाही.

भावाने दुसऱ्या दिवशी दादांना फोन केला. काय बोलला ते मला माहीत नाही, बराच वेळ बोलला. दादा बुधवारी कामाला आले. आता ते यंत्र सुरू करायच्या आधी काथ्याची दोरी घेऊन पावलं मोजत अंगणभर फिरतात, आणि माझी स्कूटरसुद्धा दोरीच्या आत असली तर हलवायला लावतात.

गाडी परत आली त्या रविवारी आम्ही शहापूरपर्यंत जाऊन आलो. ऐंशीपर्यंत शांत. नव्वदला मागच्या कोपऱ्यात बारीक शिट्टी. उस्तादांनी हेही सांगून ठेवलं होतं: मास्किंग टेपचे तुकडे रबराच्या सांध्यावर लावायचे, एक-एक काढत चालवून बघायचं, ज्या तुकड्यानंतर आवाज आला ती जागा. आसनगावच्या अलीकडे कडेला थांबून आम्ही टेप लावत होतो आणि बाजूने जाणारे ट्रकवाले हॉर्न मारत होते. जागा सापडली, आरशाच्या त्रिकोणापाशी, मागे नाहीच. काचेतून घुमून आवाज मागून आल्यासारखा वाटत होता. पुढच्या शनिवारी तिथली पट्टी अर्धा मिलिमीटर सरकवली.

या भागाबद्दल प्रश्न असतील तर आवाजी निरोप पाठवा. काचेचा शिक्का वाचता येत नसेल तर जवळून फोटो पाठवा, पण नंबरप्लेट झाकून.